सार-किट्ट विभाजन आणि आपल्या कचरापेट्या
(दवाखाना, औषधनिर्मितीशाळा व सार्वजनिक संस्था यांतील कचरा-वर्गीकरणाच्या अचूकतेविषयी)

सेवन केलेल्या आहाराचे जाठराग्नीकडून सम्यक पचन झाले म्हणजे त्याचे सार आणि किट्ट असे दोन भाग होतात, हा आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याचा अगदी प्रारंभीचा पाठ होय. सारभाग धातूंच्या पोषणास जातो व किट्टभागापासून मलांची उत्पत्ती होते. मात्र आपले शास्त्र येथेच थांबत नाही. किट्ट म्हणजे निव्वळ टाकाऊ, असे ते मानत नाही. योग्य प्रमाणात व योग्य मार्गाने असलेला मलही शरीराचे धारण करतो. व्याधी निर्माण होतो तो विभाजन बिघडल्यामुळे. सार आणि किट्ट एकमेकांत मिसळले, की ज्याचे पोषण व्हावयाचे त्याचे दूषण होते.

कोणत्याही संस्थेतील कचऱ्याचे गणित याहून वेगळे नाही. अलीकडे बहुतेक कार्यालये, कारखाने, शाळा व रुग्णालये यांमध्ये दोन-तीन रंगांच्या कचरापेट्या ठेवलेल्या दिसतात. पेट्या आल्या, फलक लागले, छायाचित्रेही निघाली. परंतु त्या पेट्यांचे झाकण उघडून आत काय पडले आहे हे पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. ओल्या कचऱ्याच्या हिरव्या पेटीत प्लॅस्टिकची पिशवी, कोरड्याच्या निळ्या पेटीत चहाचा अर्धवट भरलेला कप आणि क्वचित रक्ताळलेला कापूस असे दृश्य असेल, तर पेट्यांच्या संख्येला काहीच अर्थ उरत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय म्हणूनच ‘वर्गीकरण करावे’ एवढाच नसून ‘केलेले वर्गीकरण अचूक आहे किंवा कसे’ हा आहे.

हा प्रश्न आपला कसा?

शिरवळ हे पुणे-बंगळूर महामार्गावरील, नीरा नदीकाठचे मोठे गाव. नदीच्या पलीकडे पुणे जिल्हा, अलीकडे सातारा. गेल्या काही दशकांत येथे औद्योगिक वसाहत वाढली. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय येथे आहे. महामार्गावर उपाहारगृहे आहेत, बाजारपेठ आहे आणि या सर्वांच्या मध्ये आपले दवाखाने व औषधालये आहेत. गावाखाली नीरा नदी वीर धरणाला मिळते व तेथून निघालेल्या कालव्यांचे पाणी एकीकडे बारामती-इंदापूरकडे, तर दुसरीकडे फलटण-माळशिरसकडे जाते. आपल्या मोरीत व ओढ्यात जे पडते ते आपल्या गावापुरते राहत नाही, हे ध्यानात घ्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वपरिचित अनुमानानुसार आरोग्यसंस्थांत निर्माण होणाऱ्या एकूण कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के कचरा घरगुती कचऱ्यासारखाच निरुपद्रवी असतो. केवळ १५ टक्के भाग संसर्गजन्य, विषारी वा अन्य प्रकारे धोकादायक असतो. या आकड्यांतून निघणारा बोध महत्त्वाचा आहे. १५ टक्क्यांतील चिमूटभर भाग ८५ टक्क्यांत मिसळला, तर ती सर्व पिशवीच संसर्गजन्य समजावी लागते. उलट ८५ टक्क्यांतील कागद, खोकी व फळांच्या साली पिवळ्या पिशवीत गेल्या, तर जे खत वा नवा कागद झाले असते ते विनाकारण भट्टीत जळते आणि त्याच्या वजनाचे पैसे आपण भरतो. चूक कोणत्याही दिशेची असो, हानी ठरलेली आहे.

या हानीचा पहिला भार पडतो तो पिशवी उचलणाऱ्या माणसावर. घंटागाडीवरील कामगार, भंगार वेचणारी स्त्री, आपल्याच दवाखान्यात झाडलोट करणारी मावशी यांचे हात बहुधा उघडे असतात. संसर्गित रुग्णाला वापरलेली सुई टोचल्यास हिपॅटायटिस-बीची लागण होण्याचा संभव, लस न घेतलेल्या व्यक्तीत, सुमारे ३० टक्क्यांपर्यंत, हिपॅटायटिस-सीचा सुमारे ३ टक्के व एचआयव्हीचा सुमारे ०.३ टक्के मानला जातो. कोरड्या कचऱ्यात गेलेल्या एका सुईचा हा अर्थ आहे.

पुनर्वापराच्या नावाखाली चुकीची वस्तू बाजारात परतली तर काय घडते, याचे दारुण उदाहरण २००९ साली गुजरातमधील मोडासा येथे दिसले. तेथे हिपॅटायटिस-बीची साथ उद्भवून अनेकांचा बळी गेला. त्या प्रकरणाच्या निमित्ताने वापरलेल्या सिरिंज निर्जंतुक न करता पुन्हा वापरल्या जाणे आणि त्यांचा बेकायदा व्यापार या दोन्ही बाबी उघडकीस आल्या. सिरिंज निकामी करूनच टाकावी, हा नियम कागदी नाही. त्यामागे अशी किंमत मोजलेली आहे.

नियमांची सद्यःस्थिती

आपल्यापैकी अनेक ज्येष्ठ वैद्यांच्या मनात अजूनही १९९८ चे जैववैद्यकीय कचरा नियम घर करून आहेत. त्या नियमांत कचऱ्याचे दहा वर्ग होते आणि महिन्याला एक हजारांहून कमी रुग्ण तपासणाऱ्या दवाखान्यांना प्राधिकारपत्र घेण्यापासून सूट होती. ‘आमचा दवाखाना लहान, आम्हांस नियम लागू नाही’ हा समज तेव्हापासूनचा. २८ मार्च २०१६ रोजी नवे नियम आले आणि ही सूट संपली. नव्या नियमांत आयुष रुग्णालयांचा उल्लेख नावानिशी आहे. तसेच दवाखाने, प्रयोगशाळा, पशुवैद्यकीय संस्था, रक्तपेढ्या हे सर्व त्यांच्या कक्षेत येतात. खाटा नसलेल्या दवाखान्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे एकदाच प्राधिकारपत्र घ्यावे लागते.

दहा वर्गांच्या जागी आता चार रंग आहेत. ते थोडक्यात असे :

१) पिवळा – रक्त वा शरीरद्रवाने माखलेला कापूस, पट्ट्या, ड्रेसिंग, शरीराचे अवयव व ऊतक, मुदत संपलेली वा टाकून दिलेली औषधे, रासायनिक कचरा.

२) लाल – दूषित परंतु पुनर्चक्रीकरणास योग्य असे प्लॅस्टिक व रबर : सलाईनच्या नळ्या व बाटल्या, कॅथेटर, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंज.

३) पांढरा, पारदर्शक व सुई आरपार जाणार नाही असा डबा – सुया, ब्लेड, सुईसहित सिरिंज व अन्य धारदार धातू.

४) निळी खूण असलेला, न गळणारा व न फुटणारा डबा – काचेच्या कुप्या, अँप्युल, फुटलेली दूषित काच, शरीरात बसविण्याची धातूची साधने.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. लाल पिशवी ही ‘जाळण्याची’ पिशवी नव्हे. तीतील प्लॅस्टिक सामाईक प्रक्रिया केंद्रात वाफेने निर्जंतुक होते, त्याचे तुकडे केले जातात व ते अधिकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे जाते. त्यामुळे लाल पिशवीत पिवळ्याचा कापूस वा पांढऱ्या डब्यातील सुई गेली, तर एक पुनर्चक्रीकरणाची साखळीच दूषित होते. रक्तादींनी माखलेला कचरा ४८ तासांहून अधिक साठवू नये आणि सामाईक केंद्र ७५ किलोमीटरच्या आत उपलब्ध असताना स्वतःच्या आवारात प्रक्रिया यंत्रणा उभारू नये, याही तरतुदी लक्षात ठेवाव्यात.

उरलेल्या सामान्य कचऱ्यासाठी २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक असे तीन प्रवाह सांगितले होते. त्यांची जागा घेणाऱ्या २०२६ च्या नियमांत चार प्रवाह आहेत : ओला, सुका, स्वच्छताविषयक (सॅनिटरी पॅड, डायपर आदी) आणि विशेष काळजीचा (दिवे, पाऱ्याचे तापमापक, रंगाचे डबे, घरातील जुनी औषधे आदी). एकूण काय, दवाखान्याच्या मालकाला आता जैववैद्यकीय चार व सामान्य चार अशा आठ प्रवाहांची ओळख असणे आवश्यक झाले आहे. त्रिदोषांचे ६२ भेद पाठ करणाऱ्यांना हे अवघड नसावे!

पंचकर्म कक्षातील विचार

नियमावली लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर प्रामुख्याने आधुनिक रुग्णालय असते. बस्तियंत्र, पिंडस्वेदाची पोटली, जलौका यांचा उल्लेख तेथे सापडत नाही. येथे तारतम्य आपल्यालाच वापरावे लागते व चुकाही याच ठिकाणी अधिक होतात. पुढील मांडणी नियमांच्या तत्त्वाला धरून केली आहे.

रक्तमोक्षण : सिरावेध वा जलौकावचारणानंतर रक्त लागलेला कापूस व पट्टी पिवळ्यात. वेधासाठी वापरलेली सुई पांढऱ्या डब्यात. एका रुग्णाची जलौका दुसऱ्यास लावू नये आणि वापरलेली जलौका ओढ्यात, विहिरीत वा नदीत कदापि सोडू नये. मृत झाल्यावर ती पिवळ्यातच गेली पाहिजे.

बस्ती : एकवेळ वापराची रबर वा प्लॅस्टिकची नळी, कॅथेटर व हातमोजे लाल पिशवीत. बस्तिद्रव्य ज्यातून आले ती कोरडी, रुग्णाचा स्पर्श न झालेली वेष्टने मात्र सुक्या कचऱ्यात जावीत. सर्वच लालमध्ये टाकण्याची सोय मनाला सुखावते, परंतु ती अचूक नव्हे.

अभ्यंग व स्वेदन : अभ्यंगानंतर तेल पुसलेला कागद वा कापड रक्त, पू यांपासून मुक्त असेल तर तो जैववैद्यकीय कचरा नाही. मात्र तेलकट कागद रद्दीतही घालू नये, कारण तेलाने कागदाचा लगदा बिघडतो. पत्रपिंडस्वेदातील पाने ओल्या कचऱ्यात व पोटलीचे कापड धुऊन पुन्हा त्याच रुग्णासाठी. पोटलीचा दोरा सुती असावा. नायलॉनचा दोरा खतात वर्षानुवर्षे तसाच राहतो.

वमन-विरेचन : शरीरद्रव निर्जंतुक करून मलनिस्सारण व्यवस्थेत सोडावे. टाकाऊ पात्र, नळी, हातमोजे यांचा विचार वरीलप्रमाणे करावा.

औषधनिर्मितीशाळेतील विचार

सातारा-सांगली पट्ट्यात औषधनिर्मितीची परंपरा जुनी आहे. साताऱ्याची आयुर्वेदीय अर्कशाळा सर्वांना ठाऊक आहेच. त्याशिवाय लहान-मोठ्या कितीतरी औषधनिर्मितीशाळा या भागात काम करतात. त्यांच्या कचऱ्याचा सर्वांत मोठा भाग म्हणजे क्वाथाचा चोथा. हा खरे तर कचरा नसून उत्तम खताचा कच्चा माल आहे. मात्र तो शुद्ध हवा. गोणीचा प्लॅस्टिक धागा, सुतळी, लेबले, रबरबँड आणि कामगारांच्या गुटख्याच्या पुड्या हे त्यातील नेहमीचे विजातीय द्रव्य. दशमुळातील मुळे, खदिराचे तुकडे अशा काष्ठमय चोथ्यात कर्बाचे प्रमाण अधिक असते व तो लवकर कुजत नाही. कर्ब व नत्र यांचे गुणोत्तर २५ ते ३० : १ च्या आसपास यावे म्हणून त्यात गाईचे शेण वा हिरवा पाला मिसळावा आणि मोठे तुकडे आधी बारीक करावेत. पशुवैद्यकीय महाविद्यालय व दुग्धव्यवसाय असलेल्या आपल्या परिसरात शेणाची वाण नाही.

परंतु सर्वच चोथा एका ढिगात टाकता येत नाही. येथे वैद्याचे द्रव्यज्ञान कामी येते. कुपीलूचे शोधन दुधात केले असता त्यातील विषारी अंश दुधात उतरतो. ते दूध सांडपाण्यात जावे वा कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागावे, हे दोन्ही अक्षम्य होय. वत्सनाभशोधनाच्या गोमूत्राचे तसेच. भल्लातकाचे शोधन विटकरीच्या भुकटीत केल्यावर ती भुकटी स्फोटजनक तेलाने भरलेली असते. राडारोडा समजून ती बाहेर टाकली तर उचलणाऱ्याच्या हातावर फोड येतात, आणि ते कशाने आले हे त्याला कधीच कळत नाही. पारद, हिंगूळ, हरताळ, मनःशिला यांचे अवशेष, खलातील धुवण व फुटलेल्या कुपीचे तुकडे हे स्वतंत्रपणे, नाव लिहिलेल्या बंद पात्रात ठेवून घातक कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडेच सोपवावेत. विषद्रव्यांच्या कपाटाला जसे वेगळे कुलूप असते, तसा त्यांच्या कचऱ्यालाही वेगळा डबा हवा.

वेष्टनांचा प्रश्न निराळा. बाटलीच्या वा डबीच्या तळाशी त्रिकोणात एक अंक असतो. १ म्हणजे पीईटी, २ म्हणजे एचडीपीई, ३ म्हणजे पीव्हीसी, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. आसव-अरिष्टांच्या पारदर्शक बाटल्या बहुधा १ च्या व चूर्ण-गुटींच्या अपारदर्शक डब्या बहुधा २ च्या असतात. या दोहोंना भंगारबाजारात मागणी आहे. चूर्णाच्या चकचकीत पुड्या मात्र प्लॅस्टिक व धातूचे थर एकत्र चिकटवून केलेल्या असतात आणि त्यांचे थर सहज सुटे होत नाहीत. त्या ‘सुक्या’ असल्या तरी ‘पुनर्चक्रीकरणीय’ नसतात; फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. गोळ्यांच्या पट्टीत पीव्हीसी व ॲल्युमिनियम असते. ती आवारात जाळली तर क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतात. जाळणे हा कोणत्याही कचऱ्याचा उपाय नव्हे.

शार्ङ्गधरांनी चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते असे सांगितले, ते ताज्या व अल्प प्रमाणातील निर्मितीचा आग्रह धरणारे होते. आज मुदत वाढविण्यासाठी आपण जो थर पुडीवर चढवितो, त्यानेच पुडीचे पुनर्चक्रीकरण अशक्य होते. जेथे रुग्ण जवळचा आहे व औषध आठवड्यातच संपणार आहे, तेथे कागदाची पुडी आजही पुरेशी आहे. औषधनिर्मात्यांनी नवे वेष्टन निवडताना किंमत व टिकाऊपणा यांबरोबर ‘वापरानंतर हे कोणत्या पेटीत जाईल?’ हा तिसरा प्रश्न स्वतःस विचारावा.

तसेच आसवाची बाटली टाकण्यापूर्वी विसळावी, तेलाची बाटली उलटी ठेवून निथळू द्यावी व लेबल फाडावे. लेबलासह भंगारात गेलेली चांगल्या औषधालयाची बाटली बनावट माल भरणाऱ्याच्या हाती लागू शकते. रुग्णांचे केसपेपर रद्दीत देतानाही ते बारीक फाडून द्यावेत. रुग्णाचे गुपित राखणे हा वैद्याचा धर्म रद्दीच्या दुकानापर्यंत पाळावयाचा असतो.

अचूकता मोजावी कशी?

‘आमच्याकडे वर्गीकरण व्यवस्थित होते’ हे विधान ‘आमची अश्वगंधा उत्तम असते’ या विधानासारखे आहे. परीक्षेविना त्यास अर्थ नाही. सुदैवाने परीक्षेची पद्धत आपल्याजवळ पूर्वीपासून आहे. आयुर्वेदिक फार्माकोपियात वनस्पतिद्रव्यांसाठी विजातीय द्रव्याची मर्यादा दिलेली असते व अनेक द्रव्यांसाठी ती २ टक्क्यांहून अधिक नसावी असे म्हटले आहे. परीक्षा साधी आहे. ठराविक वजनाचा नमुना पातळ पसरावा, विजातीय वस्तू डोळ्यांनी वा भिंगाने ओळखून वेचाव्यात, त्यांचे वजन करून टक्केवारी काढावी. हीच परीक्षा कचरापेटीस लावता येते.

समजा, सुक्या कचऱ्याच्या पेटीत दिवसाअखेर ४ किलो माल निघाला. ताडपत्रीवर पसरून पाहता त्यात ५०० ग्रॅम उष्टे अन्न, ओला कागद व तत्सम वस्तू सापडल्या. विजातीय द्रव्य १२.५ टक्के झाले, म्हणजे पेटीची शुद्धता ८७.५ टक्के. हा झाला पहिला आकडा. दुसरा आकडा असा : त्या दिवशी संस्थेत एकूण २ किलो कागद निघाला, पैकी योग्य पेटीत १.२ किलोच आला व उरलेला इतर पेट्यांत सापडला. म्हणजे ६० टक्केच कागद आपल्या घरी पोहोचला. पेटी शुद्ध आहे, पण रिकामी आहे, किंवा भरलेली आहे, पण भेसळीची आहे, अशा दोन्ही स्थिती संभवतात. म्हणून दोन्ही आकडे पाहावेत.

जैववैद्यकीय पिशव्या उघडून अशी परीक्षा करू नये. त्यांचे निरीक्षण बाहेरून, पारदर्शक डब्यातून व पिशवी बांधण्यापूर्वीच करावे. सामान्य पेट्यांची परीक्षाही जाड हातमोजे, बंद पादत्राणे व चिमटा वापरूनच करावी.

या शुद्धतेला बाजारात किती किंमत आहे याची कल्पना २०१८ साली साऱ्या जगाला आली. जगभरातील टाकाऊ कागद-प्लॅस्टिक विकत घेणाऱ्या चीनने आयात मालातील भेसळीची मर्यादा ०.५ टक्क्यावर आणली आणि वर्षानुवर्षे निष्काळजीपणे ‘पुनर्चक्रीकरण’ करणाऱ्या श्रीमंत देशांच्या बंदरांत मालाचे ढीग साचले. उलट जपानमधील कामिकात्सु या छोट्याशा गावाने २००३ साली शून्य कचऱ्याचा संकल्प केला. तेथील ग्रामस्थ कचऱ्याचे चाळीसहून अधिक प्रकार वेगळे करतात व सुमारे ८० टक्के कचरा पुन्हा उपयोगात येतो.

चूक माणसाची की मांडणीची?

वर्गीकरण चुकले की आपण कर्मचाऱ्यांना वा रुग्णांच्या नातेवाइकांना दोष देतो. अनुभव व संशोधन मात्र निराळे सांगतात. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेट्यांना केवळ वेगळ्या आकाराचे झाकण बसविले. बाटली-डब्यासाठी गोल छिद्र, कागदासाठी चीर असा तो प्रकार. एवढ्या बदलाने पेयांच्या बाटल्या-डब्यांचे योग्य पेटीत पडण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी वाढले व भेसळ ९५ टक्क्यांनी घटली. उपदेश न करता हाताला योग्य दिशा मिळाली, एवढेच. निदानपरिवर्जन म्हणतात ते हेच.

या धर्तीवर कोणत्याही दवाखान्यात, शाळेत, कारखान्यात वा ग्रामपंचायत कार्यालयात पुढील गोष्टी अल्प खर्चात करता येतील :

१) पेट्या नेहमी जोडीने ठेवाव्यात. एकटी पेटी दिसली की माणूस सर्व काही तीत टाकतो.

२) कचरा जेथे निर्माण होतो तेथेच पेटी असावी. इंजेक्शनच्या टेबलापासून हात पोहोचेल इतक्या अंतरावर सुई तोडण्याचे यंत्र व पांढरा डबा असावा. सुई घेऊन खोली ओलांडावी लागली, की सुई वाटेत कोठेतरी राहते.

३) प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक खोलीत रंग तेच ठेवावेत. एका खोलीतील निळी पेटी सुक्याची व शेजारच्या खोलीतील काचेची, असा गोंधळ दवाखान्यात सर्रास आढळतो. सामान्य कचऱ्याच्या पेटीवर मोठ्या अक्षरांत ‘सामान्य’ असे लिहावे.

४) फलकावर ‘सुका कचरा’ एवढे शब्द पुरेसे नाहीत. त्या संस्थेत रोज निघणाऱ्या चार-पाच वस्तूंची चित्रे लावावीत. चहाचा कागदी कप हा चित्र लावण्याचा पहिला मान मिळवील. आतून प्लॅस्टिकचे अस्तर असल्याने तो रद्दी नव्हे.

५) प्रतीक्षागृहात उष्टे पेय ओतण्यासाठी एक लहान बादली ठेवावी. सुक्या कचऱ्याची निम्मी खराबी द्रवाने होते.

६) ‘बहुधा चालेल’ म्हणून सुक्यात टाकण्याची सवय मोडावी. शंका असल्यास विचारावे; भंगारवाल्यास विचारण्यात कमीपणा नाही. त्याला प्रत्येक वस्तूचा भाव ठाऊक असतो.

७) आठवड्यातून एकदा वरील परीक्षा करून दोन्ही आकडे कर्मचाऱ्यांना दिसतील अशा जागी लिहावेत. आकडा सुधारला तर कौतुक करावे, घसरला तर पेटीची जागा प्रथम तपासावी.

८) झाडलोट करणाऱ्या मावशी-काकांना या कामात सर्वांत मोठे स्थान द्यावे. कोणती चूक कोठे होते हे त्यांना मालकापेक्षा अधिक माहीत असते. त्यांना हिपॅटायटिस-बीची लस देणे ही नियमाने आपली जबाबदारी आहे.

आपल्या मातीतील उदाहरणे

हे आपल्याकडे जमणारे नाही, असे कोणी म्हणू नये. सांगली जिल्ह्याचे सुपुत्र रा. रा. पाटील ग्रामविकासमंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले व खेडोपाडी हातात झाडू आला. त्यापुढील पायरी वर्गीकरणाची. देशव्यापी स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांच्या गटात २०२० साली कराड, २०२१ साली विटा व २०२२ साली पाचगणी यांनी पहिला क्रमांक मिळविला. सलग तीन वर्षे हा मान सातारा-सांगली जिल्ह्यांतच राहिला, ही गोष्ट आपल्या संघटनेच्या सभासदांनी अभिमानाने लक्षात ठेवावी.

पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातून निघालेल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २००८ पासून महापालिकेबरोबर दारोदारचे संकलन हाती घेतले. या स्त्रियांनी २०१७ साली एक साधी विनंती केली : वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा व त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे न उघडता आम्हांला कळेल. वर्गीकरणाची अचूकता म्हणजे शेवटी काय, हे त्या एका ठिपक्यात सामावले आहे. पुढील हाताला आधीच्या हाताने दिलेली ती खरी माहिती होय.

उपसंहार

आपल्या संघटनेच्या तालुका शाखांनी पुढील तिमाहीत एक लहानसा उपक्रम करावा, असे सुचवावेसे वाटते. प्रत्येक सभासदाने आपल्या दवाखान्यातील वा औषधालयातील सामान्य कचऱ्याच्या दोन पेट्यांची विजातीय द्रव्य परीक्षा सलग चार आठवडे, ठरलेल्या वारी करावी. पहिल्या आठवड्यात काहीही न बदलता आकडा घ्यावा, नंतर पेट्यांची जागा, झाकण व चित्रफलक बदलावेत आणि फरक पाहावा. शाखेच्या बैठकीत हे आकडे नावाविना मांडावेत. ज्यांनी अद्याप प्राधिकारपत्र घेतले नाही त्यांचे अर्ज त्याच बैठकीत एकत्र भरून घ्यावेत. लहान दवाखान्यांनी सामाईक प्रक्रिया केंद्राशी गटाने करार केल्यास वाहनाची फेरी नियमित होणेही सुलभ होईल.

स्वतःच्या पेट्या नीट झाल्या, की मग शाळा, सहकारी संस्था, कारखान्याचे उपाहारगृह, ग्रामपंचायत येथे सल्ला देण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होतो. गावात वैद्याचा शब्द आजही ऐकला जातो. द्रव्य ओळखणे, भेसळ पकडणे आणि सार-किट्टाचा विवेक करणे ही तर आपली पिढीजात विद्या आहे. ती खलबत्त्यापुरती न ठेवता दाराबाहेरच्या पेटीपर्यंत न्यावी, एवढीच सर्व वैद्यबंधू-भगिनींना व औषधनिर्मात्यांना नम्र विनंती.